चोवीस व्होल्टच्या सोलरवर टाँग टेस्टर : युनि-टी यूटी २१०ई

आधी निकाल सांगतो, मग पुराण. ज्यांच्या घरी महावितरणची लाइन आलेलीच नाही आणि सगळा संसार सोलरच्या प्लेटा-बॅटरीवर चालतो, त्यांनी हा मीटर डोळे झाकून घ्यावा. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच, पण तुमची सिस्टीम १२ व्होल्टची असेल तर तो कापायचंही कारण नाही.

माझी नोकरी एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली, इलेक्ट्रिकलला. बॅटऱ्या, डायनॅमो, पुढे अल्टरनेटर, सेल्फ, हेच आयुष्य. एस.टी.ची गाडी २४ व्होल्टवर चालते, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. निवृत्तीनंतर पानशेतच्या मागच्या अंगाला, वेल्ह्याकडच्या आमच्या शेतावर घर बांधलं, तिथेही नेमकं तेच नशिबात आलं. १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, १६५ वॅटच्या चार प्लेटा (दोन-दोन सिरीजमध्ये, त्या दोन जोड्या पॅरलल), ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (प्लेटांकडून बॅटरीत जाणारा करंट आवरणारा डबा) आणि एक इन्व्हर्टर. विजेचा खांब आमच्यापासून इतका लांब आहे की त्याचं एस्टिमेट वाचून बायको म्हणाली, ‘त्यापेक्षा कंदील बरा.’

तर मीटरबद्दल. युनि-टी कंपनीचा यूटी २१०ई. वायर न तोडता, नुसती जबड्यात पकडून करंट मोजतो. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन याला टाँग टेस्टर म्हणतात, दुकानात क्लॅम्प मीटर म्हणून मागा. हातात मावतो, खिशातही जातो. जबडा १७ मिलिमीटर उघडतो, म्हणजे बॅटरीची १६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) केबल आरामात बसते, २५ ची पण बसते. करंटच्या तीन रेंज, २, २० आणि १०० अँपिअर, आणि तिन्ही एसी-डीसी दोन्हींना (एसी म्हणजे लाइनचा उलटसुलट करंट, डीसी म्हणजे बॅटरी-सोलरचा एका दिशेचा). २ अँपिअरच्या रेंजवर एक मिलिअँपिअरपर्यंत दाखवतो, ही याची खरी मिरासदारी. एवढ्या किमतीत दुसरीकडे मला हे दिसलं नाही. व्होल्टेज ६०० पर्यंत, बाकी रेझिस्टन्स, कंटिन्युइटी वगैरे नेहमीचं. आत बारीक पेन्सिल सेल दोन. मला चार हजारांच्या आसपास पडला, पुण्यात तापकीर गल्लीत. ऑनलाइनही मिळतो, पण मीटर मी हातात घेऊन, लावून बघितल्याशिवाय घेत नाही. सवय आहे.

घेताना एक गोष्ट नीट बघा. २१० च्या मालिकेत ए, बी, सी, डी, ई असे भाऊ आहेत आणि चेहरे सगळ्यांचे सारखे. ए, बी, सी हे करंट फक्त एसीचा मोजतात. डीसी मोजणारे डी आणि ई. डी ची मजल २०० अँपिअरपर्यंत, पण बारीक करंटला ई चांगला. दुकानदार ‘सेमच आहे हो’ म्हणून बी हातात ठेवील. शेवटचं अक्षर वाचूनच पैसे द्या.

हे एवढं का सांगतोय, तर आमच्याकडे घडलेला किस्सा ऐका. घर झाल्यावर काही काळाने संध्याकाळी लाइट लवकर ढेपाळायला लागले. तालुक्यातून एक पोरगा आला, हुशार होता, वायरिंगचं काम त्याचं बघण्यासारखं. कंबरेला टाँग टेस्टर. भर उन्हात त्याने तो प्लेटांच्या वायरला लावला आणि म्हणाला, ‘काका, करंट शून्य. प्लेटा गेल्या तुमच्या.’ मी म्हटलं, ‘अरे बाबा, प्लेटा नाही गेल्या, तुझा टेस्टर एसीचा आहे.’ त्याचा विश्वास बसेना. म्हटलं, माझ्या मोटारसायकलच्या बॅटरीला लाव, ब्रेक दाबून मागचा दिवा लावतो. दिवा लागला, आकडा शून्य. मग हसला.

त्याचाही दोष नाही. साधा टाँग टेस्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर. वायरभोवतीचं चुंबकत्व सतत उलटसुलट झालं तरच त्याच्या गुंडाळीत काही निर्माण होतं. डीसीत ते चुंबकत्व एका जागी उभं राहतं, गुंडाळीला काही कळतच नाही. डीसीवाल्या मीटरच्या जबड्यात गुंडाळीवर भरवसा नसतो, तिथे हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल या अमेरिकन माणसाला १८७९ साली दिसलं की करंट वाहणारी पातळ पट्टी चुंबकक्षेत्रात धरली की तिच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज उभं राहतं. ते मोजायचं आणि त्यावरून करंट काढायचा. तालुक्याच्या ठिकाणी दहा इलेक्ट्रिशियनकडे विचारा, डीसीचा टाँग टेस्टर एखाद्याकडे निघाला तर निघाला. आणि सोलर मात्र घरोघरी लागतंय.

करंट मोजायला साधा मल्टीमीटर का नको, असं शेजारच्या आबांनी विचारलं होतं. कारण त्याच्या करंटच्या भोकाची मजल बहुतेक १० अँपिअर, आणि तो सर्किट तोडून मध्ये घालावा लागतो. आमच्या प्लेटा चांगल्या उन्हात १६ अँपिअर देतात. शिवाय लीड (मीटरची वायर) १० अँपिअरच्या भोकात विसरून कुणी प्रोब (तिची टोकं) बॅटरीच्या प्लस-मायनसला टेकवले, तर ते सरळ शॉर्ट झालं. आत चांगला फ्यूज असेल तर तो जातो, नसेल तर मीटर जातो, कधी बोटंही भाजतात. आणि उन्हात प्लेटा चालू असताना कंट्रोलरची बॅटरीची वायर सोडवणं हेही वाईट, कंट्रोलरवर प्लेटांचं पूर्ण उघडं व्होल्टेज येतं. टाँग टेस्टरला काही सोडवायला नको. जबडा उघडा, वायर आत, बंद.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे या मीटरने आमच्या घरी काय उकरून काढलं.

लाइट लवकर जातायत म्हटल्यावर सिस्टीम बसवणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने कंट्रोलरचा डिस्प्ले बघितला, २८.८ व्होल्ट. म्हणाला, ‘चार्जिंग एकदम ओके, बॅटरी म्हातारी झाली, बदला.’ दोन बॅटऱ्या म्हणजे किती पैसे, ते ज्याने घेतल्यात त्याला विचारा. त्यात कार्यशाळेत जन्म गेलेला माणूस असं नुसतं ऐकून बॅटरी बदलत नाही. मी हायड्रोमीटर काढला, बॅटरीतल्या आम्लाची ग्रॅव्हिटी म्हणजे घनता मोजायला. पहिलीची ग्रॅव्हिटी १.२१५, दुसरीची १.२००. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीची पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी २७ अंशाला १.२४० च्या आसपास असते. म्हणजे बॅटरी म्हातारी नव्हती, उपाशी होती. कंट्रोलर म्हणतोय पोटभर जेवण झालं, आणि ताट अर्धं तसंच.

मग सकाळी अकराच्या सुमाराला, ऊन चांगलं असताना, मोजायला बसलो. कंट्रोलरवर २८.८ व्होल्ट. कंट्रोलरहून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरला टाँग टेस्टर लावला, १४.० अँपिअर. इथवर ठीक. मग लीड लावून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, शिशाच्या खुंटावर, व्होल्टेज बघितलं. पहिली १४.२१, दुसरी १३.८९. बेरीज २८.१०.

म्हणजे कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यात ०.७ व्होल्ट गडप. कुठे? बसवणाऱ्याने कंट्रोलर लावला होता हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी, आल्या-गेल्याला दिसावा म्हणून. बॅटऱ्या मागच्या पडवीत. मधली वायर ६ स्क्वेअरची, लांबी सात मीटर. करंट जातो आणि येतो, म्हणून हिशोब १४ मीटरचा. ६ स्क्वेअरच्या तांब्याच्या लवचीक वायरला मीटरमागे साधारण ३.३ मिलिओहम रेझिस्टन्स. १४ मीटरला ४६ मिलिओहम, गुणिले १४ अँपिअर, झाले ०.६५ व्होल्ट. राहिलेले ०.०५ दुसऱ्या बॅटरीच्या मायनसच्या लगवर सापडले. एक प्रोब खुंटावर, एक प्रोब लगवर, मीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर. तिथे काहीच दिसायला नको, निदान एक-दोन मिलिव्होल्टच्या वर नको. मला ५० च्या आसपास दिसले. लगखाली पांढरा-हिरवा भुगा जमला होता. गरम पाण्याने धुतला, ब्रश मारला, घट्ट आवळून वरून व्हॅसलिन. पुन्हा मोजलं तर दोन मिलिव्होल्ट.

०.७ व्होल्टने काय होतं असं वाटेल. पण कंट्रोलरला वाटतं की बॅटरी २८.८ ला पोचली, म्हणून तो तिथूनच करंट आवरायला लागतो, आणि दोन तासांचं घड्याळ लावून पुढे फ्लोटला, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवण्याच्या कमी व्होल्टेजला, जातो. बॅटरी बिचारी २८.१ वरच असते. जसजसा करंट उतरतो तसतसा वायरमधला तोटाही कमी होतो, पण तोवर दिवसातली उमेदीची वेळ गेलेली असते. रोज थोडी उपाशी, रोज थोडी उपाशी, असं करत बॅटरीच्या आतल्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग ती खरोखरच म्हातारी होते. दोन वर्षांत बॅटरी बदलायला लावणारे जे लोक आहेत त्यांच्यापैकी किती जणांनी टर्मिनलवर व्होल्टेज मोजलं असेल?

आता कंट्रोलर पडवीत आणला. बॅटऱ्यांच्या डोक्यावर नाही, बाजूच्या भिंतीवर. चार्जिंगला बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आम्लाचे तुषार उडतात, इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यावर टांगू नये. वायर आता दीड मीटर, १० स्क्वेअरची. तोटा हिशोबाने ०.०८ व्होल्ट. प्लेटांकडची वायर लांब झाली, पण तिकडचा तोटा कंट्रोलरला फसवत नाही. प्लेटांकडे दोन-अडीच व्होल्ट हातचे असतात, त्यातून तो भागतो. आणखी एक फायदा असा झाला की कंट्रोलरच्या पोटात तापमानाचा सेन्सर आहे. गरमीत चार्जिंगचं व्होल्टेज थोडं उतरवायचं असतं, दर सेलला दर अंशाला सुमारे ४ मिलिव्होल्ट. २४ व्होल्टमध्ये सेल बारा, दहा अंशाच्या फरकाला जवळजवळ अर्धा व्होल्ट. हॉलमध्ये पंख्याखाली बसून पडवीतल्या बॅटरीचं तापमान त्याला कसं कळणार होतं? आता दोघंही एकाच हवेत.

बायकोला मात्र हॉलमधला तो डिस्प्ले गेल्याचं वाईट वाटलं. हिरवा दिवा छान दिसायचा म्हणे.

आता कापलेला तारा. हा मीटर २००० काउंटचा आहे. सोप्या भाषेत, १९.९९ पर्यंत तो दशांशानंतर दोन आकडे दाखवतो, वीसच्या वर गेलं की एकच. १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.२१ असं स्वच्छ दिसतं. २४ व्होल्टच्या जोडीला लावलं की नुसतं २८.१. फ्लोट २७.३२ आहे की २७.३८ यावर डोकं घालायचं तर हा आकडा अपुरा. मी त्यावर उपाय वर केलाय तोच करतो, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची आणि बेरीज करायची. खरं तर तेच करायला पाहिजे. जोडीचं व्होल्टेज २८.१ बघून कुणाला कळलं असतं की दुसरी बॅटरी पहिलीच्या ०.३२ व्होल्ट मागे आहे? सिरीजमध्ये करंट दोघींना सारखाच मिळतो, पण व्होल्टेजची वाटणी जिच्या तिच्या प्रकृतीप्रमाणे. एक पुढे पळते, एक मागे राहते, आणि कंट्रोलरला फक्त बेरीज दिसते. तरीपण मीटरवाल्याने ६००० काउंट दिले असते तर मी जास्त आनंदाने लिहिलं असतं.

दुसरी कटकट हॉल सेन्सरवाल्या प्रत्येक मीटरला असते, ती म्हणजे शून्य. चालू केला की वायर आत नसतानाही काहीतरी आकडा दाखवतो. जबडा बंद ठेवायचा, जिथे आणि ज्या दिशेला मोजायचंय तिथेच धरायचा, झिरोचं बटण दाबायचं, मग वायर आत घ्यायची. २ अँपिअरच्या रेंजवर मीटर नुसता उभ्याचा आडवा केला तरी शेवटचे आकडे हलतात, कारण पृथ्वीचं चुंबकत्वही त्याला जाणवतं. मोठ्या करंटला याने फरक पडत नाही. बारीक करंटला मात्र झिरो न दाबता घेतलेला आकडा रद्दीत टाकायचा. वायर पातळ असेल तर ती जबड्यातून दोनदा ओवायची आणि आलेल्या आकड्याचा निम्मा घ्यायचा, आकडा जास्त विश्वासाचा येतो. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकदम पकडल्या तर उत्तर शून्यच येणार. जाणारा आणि येणारा एकमेकांना खाऊन टाकतात.

शंभर अँपिअरची मर्यादा घरच्या सोलरला पुरते. आमच्याकडे मिक्सर लावला तरी बॅटरीची केबल चाळीसच्या वर स्थिर राहत नाही. गाडीचा सेल्फ मारताना काही शे अँपिअर जातात, ते याच्याने मोजायला जाऊ नका.

बारीक रेंजने जो धक्का दिला तो इन्व्हर्टरचा. रात्री सगळं बंद, एकही दिवा नाही, आणि इन्व्हर्टरच्या केबलमध्ये ०.८ अँपिअर. नुसता जागा राहायला इन्व्हर्टर एवढं खातो. चोवीस तासांचे १९ एएच. १५० एएचच्या बॅटरीतला आठवा हिस्सा, काहीही न करता. पावसाळ्यात आमच्याकडे ढग डोंगराला चिकटून बसतात, श्रावणात भर दुपारीसुद्धा दीड-दोन अँपिअरच्या वर करंट चढत नाही असे दिवस येतात. त्या दिवसांत प्लेटा जे कमावतात ते सगळं इन्व्हर्टरच बसल्या जागी खायचा. आता पडवी, स्वयंपाकघर आणि संडास-मोरीला २४ व्होल्टचे डीसी बल्ब थेट फ्यूजमधून, आणि झोपताना इन्व्हर्टर बंद. फरक पहिल्याच पावसाळ्यात कळला.

आता वायर कोणती पकडायची ते सांगतो, कारण कंट्रोलर जे दाखवतो ते आणि बॅटरीला जे मिळतं ते, दोन्ही वेगळं असतं. एका दुपारचे आमचे आकडे असे: कंट्रोलरच्या वायरला १४.०, इन्व्हर्टरच्या केबलला ५.२ (टीव्ही आणि पंखा), बॅटरीच्या केबलला ८.८. कंट्रोलरचा डिस्प्ले खुशाल १४ दाखवतो आणि माणूस समजतो बॅटरीला १४ चाललेत. मिळतायत ८.८. १५० एएचच्या बॅटरीला सुमारे १५ अँपिअर, म्हणजे दहा टक्के, हा चांगला चार्जिंग करंट. दुपारी टीव्ही बघणारे बॅटरीच्या तोंडचा घास काढत असतात. बॅटरीच्या केबलला मीटर लावून ठेवला की चिन्हावरून कळतं, करंट आत जातोय की बाहेर. वायर एकदा कुठल्या दिशेने धरली ते केबलवर पेंटने बाण काढून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी डोकं खाजवायला नको.

बॅटरी भरली हे कशावरून ओळखायचं? इथे व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकत्र लागतात. टर्मिनलवर २८.८ च्या आसपास व्होल्टेज टिकलंय आणि करंट उतरत उतरत दीड ते तीन अँपिअरवर, म्हणजे क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, येऊन थबकलाय, तेव्हा भरली. व्होल्टेज २८.८ आणि करंट अजून १०, म्हणजे अजून भूक आहे. बॅटरी जुनी झाली की हा शेवटचा करंट थोडा चढाच राहतो, तेव्हा नव्या असताना तो किती होता ते वहीत लिहून ठेवलेलं बरं.

आणि इंटरनेटवरचा तो तक्ता. १२.७ व्होल्ट म्हणजे शंभर टक्के, १२.५ म्हणजे ऐंशी वगैरे. तो तक्ता ज्या बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी १.२६५ च्या घरात असते त्यांचा आहे, थंड मुलखातल्या गाड्यांचा. आपल्या उष्ण हवेसाठी कंपन्या आम्ल पातळ ठेवतात. कार्यशाळेत आम्ही तोंडी हिशोब करायचो, ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, एका सेलचं शांत व्होल्टेज आलं. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, सहा सेलचे १२.४८. म्हणजे आपली ट्यूब्युलर काही तास विश्रांती घेऊन १२.४८ दाखवत असेल तर ती काठोकाठ भरलेली आहे. पण तक्ता बघणारा म्हणतो ऐंशीच टक्के झाली, आणि कंट्रोलरचं सेटिंग वाढवून पाणी उकळवत बसतो. चार्जिंग चालू असताना किंवा लोड असताना घेतलेल्या व्होल्टेजवरून तर काहीच ठरवू नये.

एक अडचण कबूल करायला हवी. हा मीटर एका वेळी एकच गोष्ट दाखवतो, व्होल्टेज तरी नाहीतर करंट तरी, आणि काही मिनिटांनी स्वतःच झोपतो. दिवसभर नजर ठेवायची तर भिंतीवर शंटवाला डिस्प्ले लागतो. मी एक साधा बसवलाय, १०० अँपिअर-७५ मिलिव्होल्टच्या शंटचा. शंट म्हणजे पितळेच्या दोन ठोकळ्यांमधली पट्टी. १०० अँपिअर गेले की तिच्या दोन टोकांत ७५ मिलिव्होल्ट उभे राहतात, १४ गेले तर साडेदहा. बॅटरीच्या मायनसला बसतो, आणि मग बॅटरीच्या मायनसला दुसरी एकही वायर थेट लागता कामा नये. सगळे मायनस शंटच्या पलीकडे. इन्व्हर्टरचा मायनस सवयीने थेट बॅटरीला जोडलेला मी दोन ठिकाणी बघितलाय. तिथला डिस्प्ले नुसता प्लेटांचं कौतुक सांगतो, घरातला खर्च त्याला दिसतच नाही. स्वस्तातले बरेच डिस्प्ले एकाच दिशेचा करंट मोजतात, दोन्ही दिशांचा हवा तर घेतानाच विचारा. बसवल्यावर टाँग टेस्टरने ताळा करून घ्यायचा. माझ्याकडे शंट १४.२ आणि टाँग १४.०. मीटरची चूक दोन टक्क्यांच्या आसपास धरायचीच असते, तेव्हा एवढं चालतं.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर शेवटच्या टप्प्यात करंट तुकड्या-तुकड्यांत सोडतो, त्यामुळे तेव्हा मीटरवरचा आकडा नाचतो. मीटर खराब नाही, मधला आकडा धरा.

सोबत आलेल्या लीड कामचलाऊ. शिशाच्या खुंटावर एका हाताने प्रोब दाबून दुसऱ्या हाताने मीटर धरायचा, तिसऱ्या हाताने वहीत लिहायचं, हे माझ्या वयाला जमत नाही. मी वरून मगरचिमटे घेतले, पैसे वसूल. नाशिकच्या रिशभचे किंवा मेकोचे मीटर कार्यशाळेपासून ओळखीचे, मजबुतीला तेच जास्त आवडतील, पण त्यांच्या डीसीवाल्या टाँग टेस्टरची किंमत एका घरासाठी मला झेपली नाही. ज्याचा धंदाच सोलर बसवण्याचा आहे त्याने मात्र तिकडे बघावं. तालुक्यातल्या त्या पोराला मी तेच सांगितलं, आणि त्याने ऐकलंय.

४८ व्होल्टवाल्यांनी आणि लिथियमवाल्यांनी माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल बराच वेळ ३.२-३.३ वरच सपाट चालतो. तिथे व्होल्टेज बघून किती शिल्लक ते सांगणं म्हणजे रांजणाचं झाकण बघून पाणी सांगणं. करंट मोजून एएचचा जमाखर्चच ठेवावा लागतो, आणि त्याला भिंतीवरचा शंट हवा. टाँग टेस्टर मग ताळा बघायला.

वायर बदलल्यापासून आमची पहिली बॅटरी १.२४० ला पोचली. दुसरी १.२२५ वर अडकली आहे, चार्जिंगमध्ये अजूनही ती पहिलीपेक्षा थोडी मागेच चालते. दिवाळीनंतर आकाश मोकळं झालं की पाण्याची पातळी बघून, इन्व्हर्टर बंद ठेवून, पडवीचं दार उघडं टाकून दोघींना ३० व्होल्टच्या वर इक्वलाइझ करणार आहे, म्हणजे मुद्दाम जादा चार्ज देऊन मागे राहिलेलीला पुढचीच्या बरोबरीला आणणार आहे. तेव्हाचे दोघींचे वेगवेगळे आकडे इथेच खाली टाकतो.